फाटत्या खंडाच्या कडेला खोलातले खडक वर कोण आणतो? भ्रंश की मऊ कवच?

घुमटवाला (धागाकर्ता)

खंड ताणला जाऊन फाटायला लागला की काही ठिकाणी पंधरा-वीस किलोमीटर खोलीवरचे खडक घुमटासारखे वर येऊन उघडे पडतात. वर साधे गाळाचे नाहीतर ज्वालामुखी खडक, खाली एकदम नीस (उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक) आणि मायलोनाइट (खोलात ताणून-रगडून बारीक झालेला खडक), दोघांच्या मध्ये कमी उताराचा एक लांबलचक भ्रंश, म्हणजे ज्या भेगेवरून खडक सरकतात ती. हे मेटामॉर्फिक कोअर कॉम्प्लेक्स. ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्निया या पट्ट्यात १९७० च्या दशकात ते नीट ओळखले गेले. १९८१ मध्ये भूशास्त्रज्ञ ब्रायन वर्निकेंनी पृथ्वीचं कवच कापत खोल जाणाऱ्या सौम्य उताराच्या भ्रंशाची कल्पना मांडली, तेव्हापासून सगळं श्रेय त्या भ्रंशालाच मिळत आलंय.

मला हे पटत नाही. खरा निर्णय तापमान घेतं. नेवाडाच्या आसपास भूकंपलहरींनी मोहो, म्हणजे कवचाचा तळ, पाहिला तर तो सुमारे ३० किमीवर बऱ्यापैकी सपाट आहे. वरचं कवच घुमटाजवळ प्रचंड ताणलंय, बाजूला कमी. मग तळाला उंचवटा का नाही? कारण खालचं कवच गरम होतं, मऊ होतं, आजूबाजूने वाहत येऊन त्यानं जागा भरली. उलट आयबेरियाच्या (स्पेन-पोर्तुगाल) पश्चिम कडेला कवच थंड आणि ठिसूळ. ते पातळ होत गेलं, भेगांतून पाणी खाली उतरलं, आणि शेवटी समुद्रतळावर नीसचे घुमट नाही, तर प्रावरणातलं (कवचाखालच्या थरातलं) पेरिडोटाइट, पाण्यामुळे सर्पेंटाइन या मऊ खनिजात बदललेलं, उघडं पडलं. सौम्य उताराचे मोठे भ्रंश दोन्हीकडे आहेत, वर आलेला माल वेगळा. मग फरक कशानं पडला?

---

तळठोकळा

साफ असहमत. कवच कितीही मऊ असलं तरी वरचा जाड थर बाजूला सरकल्याशिवाय खालचे खडक उघडे पडणार कसे? आधी कळस मग पाया असं चाललंय तुमचं.

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला वुडलार्क खोरं बघा. तिथे आजही खंड फाटतोय, पूर्वेकडे नवा समुद्रतळ तयार होतोय आणि फाट पश्चिमेकडे सरकतेय. मोर्सबी नावाच्या समुद्री पर्वताच्या उतारावर १९९८ साली भोक पाडलं तेव्हा भ्रंशातला भुगा हाती लागला: टाल्क, क्लोराइट, सर्पेंटाइन ही मऊ खनिजं आणि खाली चिरडलेला गॅब्रो (खोलात हळू थिजलेला अग्निज खडक). ओल्या टाल्कचा घर्षणांक ०.२ च्या आसपास, नेहमीच्या खडकांचा ०.६ च्या पुढे. म्हणजे सौम्य उतारावर घसरायला लागणारं वंगण भ्रंशातच आहे. त्या भागातल्या काही भूकंपांचे भ्रंशप्रतलही २३ ते ३५ अंशांचे निघालेत. भ्रंश काम करतोय, डोळ्यांसमोर.

---

घुमटवाला

वरचा ठोकळा सरकतो हे मी कुठे नाकारलं? सौम्य उतार हे कारण की परिणाम, एवढाच वाद आहे. भ्रंश कोणत्या कोनात फुटतात याच्या अँडरसनच्या हिशोबाने ताणात भ्रंश ६० अंशांच्या आसपास फुटतो आणि ३० च्या खाली आला की अडकतो. भ्रंश तीव्रच जन्मतो, पण वरचं ओझं हटलं की फोमच्या गादीवरून उठल्यासारखा खालचा भाग वर येतो, वाकतो आणि भ्रंशाचा वरचा भाग आडवा होत जातो. रॉजर बक यांनी १९८८ मध्ये हेच गणित मांडलं. पुरावा हवा तर मध्य अटलांटिकमधलं अटलांटिस मासिफ, म्हणजे समुद्रतळावरचा घुमटासारखा डोंगर, घ्या. गॅब्रो थंड होताना चुंबकीय दिशा त्यात गोठते. १४०० मीटरहून खोल विवरातल्या नमुन्यांत ती दिशा किमान ४० अंशांनी वळलेली सापडली, म्हणजे खडकच तेवढा वळला.

---

तळठोकळा

वा! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. अटलांटिस मासिफ महासागरी आहे. तिथे खंडाचं मऊ खालचं कवच औषधालाही नाही, तरी घुमट झालाच ना? म्हणजे तुमची मुख्य अटच गळाली.

---

घुमटवाला

मुद्दा चांगला आहे, पण अट गळत नाही. मागची जागा कुणीतरी भरायला हवी. महासागरात ती तप्त प्रावरण आणि शिलारस भरतात, खंडात मऊ कवच. भरणारा वाहता हवा, एवढंच म्हणणं आहे.

---

कोएसाइट

दोघांनीही वुडलार्कची सोयीची बाजूच उचललीय. मोर्सबीच्या पश्चिमेला दान्त्रकास्तो बेटं आहेत. फर्ग्युसन बेटाच्या परिसरातल्या एक्लोजाइटमध्ये (प्रचंड दाबाखाली बनणाऱ्या खडकात) कोएसाइट सापडलंय, म्हणजे क्वार्ट्झचा उच्चदाबी प्रकार. तो खडक सुमारे ९० किमी खोल जाऊन आलाय, आणि वयसुद्धा जेमतेम ५ ते ८ दशलक्ष वर्षं. मधलं कवच वर आणणारा तुमचा भ्रंश ९० किमीवर काय करणार? आणि तुमचं वाहतं खालचं कवच तरी तितक्या खोल कुठे असतं? आधीच्या टकरीत खाली गाडलेलं हलकं खंडीय द्रव्य ताण पडताच उसळून वर आलं, हे मला जास्त पटतं. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये भ्रंशानं हातभार लावला असेल.

---

तळठोकळा

उसळी मान्य, पण त्या बेटांपुरती. मुख्य भूमीवर डेमन घुमटाच्या उत्तर बाजूचा माइइउ भ्रंश वर्षाला सेंटिमीटरभर सरकतोय आणि पृष्ठभागावर त्याचा उतार २० अंशांच्या आसपास आहे. तिथे कुठली उसळी?

---

घुमटवाला

पण तोच भ्रंश खोल गेल्यावर ३०-४० अंशांचा होतो, सूक्ष्म भूकंपांवरून दिसतं. वर आडवा, खाली तीव्र. मी वर हेच लिहिलं होतं.

---

तळठोकळा

मग खडक थंड होण्याची वयं, म्हणजे ते वर येताना कधी थंड झाले, बघा. घसरणीच्या दिशेने वयं क्रमाने कमी होत गेली तर भ्रंशाचं काम, घुमटाच्या मध्याभोवती गोलाकार मांडणी दिसली तर उसळी. कितीतरी घुमटांत यातली पहिलीच मांडणी दिसते.

---

घुमटवाला

या कसोटीवर कोएसाइट यांचा निकाल लागेल कदाचित, माझा नाही. वळत जाणाऱ्या भ्रंशातही वयं त्याच दिशेने कमी होतात. खाली काय वाहिलं हे त्या वयांना कसं कळणार?

---

कोएसाइट

माझाही लागत नाही. उसळून आलेला घुमट वर येताना भ्रंशानेच सोलला गेला तर वरच्या खडकांची वयं भ्रंशाचीच गोष्ट सांगणार. एक्लोजाइटमधल्या झिरकॉन आणि गार्नेट या खोलीवरची नोंद जपणाऱ्या खनिजांकडे या, मग बोलू.