पाऊस सुरू झाला की गॅस सेन्सर भरकटतो, क्लस्टर (अणूंचा पुंजका) मिसळून बघू का?

चेंबूरची_केमिस्ट: एमएससीच्या प्रोजेक्टला टिन ऑक्साइडचा सेन्सर केलाय, मे पर्यंत मस्त चालला आणि पाऊस लागल्यापासून गॅस न सोडताच रेझिस्टन्स खाली येतोय, खिडक्या लावल्या तरी तेच. सर म्हणतात फॉस्फोमॉलिब्डिक अ‍ॅसिड मिसळ. त्याने नक्की काय होतं?

खाडीकाठचा: दमट हवेत हे होणारच गं. तापलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन धरून ठेवतो म्हणून रेझिस्टन्स जास्त, एलपीजी आला की तो ऑक्सिजन खर्च होतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेझिस्टन्स पडतो. पाण्याची वाफही तसंच करते. तुझ्या अ‍ॅसिडमधला क्लस्टर केगिन नावाच्या रचनेचा, म्हणजे मधे एक फॉस्फरस, भोवती 12 मॉलिब्डेनम आणि 40 ऑक्सिजन, जेमतेम 1 नॅनोमीटरचा गोळा, इलेक्ट्रॉन घ्यायला कायम तयार, म्हणूनच सर तो मिसळायला सांगत असतील. घेतले की पिवळ्याचा निळा होतो, फार सुंदर दिसतं ते, एकदा बघच.

दादर_वेस्ट: पण ताई, हीटर जपून, 400 अंशांच्या पुढे क्लस्टर मोडायला लागतो, मग नुसता मॉलिब्डेनम ऑक्साइड उरतो. शिवाय हे अ‍ॅसिड पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे दमटपणावरचं औषध म्हणून धरू नकोस. शेजारी ह्युमिडिटी सेन्सर लाव आणि रीडिंग त्याप्रमाणे सुधारून घे.

चेंबूरची_केमिस्ट: हीटर 350 वर आहे, उद्याच लावते.