सरकारी दवाखाना असताना गरीब खाजगीत का जातो?

तालमीजवळचा: कोल्हापूरच्या मध्यावर सीपीआर हा मोठा सरकारी दवाखाना आहे. महापालिकेची सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा रुग्णालयं आहेत. २०२३ च्या निर्णयानं मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर गेली, रेशनकार्डाच्या रंगाची अटही गेली. तरी राजेंद्रनगर, सदर बाजारातली माणसं तापाला गल्लीतल्या डॉक्टरकडं जाऊन सुई टोचून घेतात आणि पुढं आजार वाढला की कर्जासाठी फायनान्सच्या दारात. माझं मत स्पष्ट आहे. पैशाची अडचण कमी, सवयीची जास्त. मोबाईलचा हप्ता जातो, मावा सुटत नाही, बीपीची गोळी तेवढी परवडत नाही!

विचारेमाळची वहिनी: सकाळची ओपीडी कधी बघितलासा काय? केसपेपरची रांग, डॉक्टरची रांग, रक्ताची रांग, औषधाची रांग. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे तेवढ्यात दोन घरचे खाडे पडतात. गल्लीतला डॉक्टर रात्री नऊला पण बघतो, पैसे पगाराला घेतो. तिचा हिशेब चुकत नाही, तुमचाच चुकतोय. आणि सासू अंथरुणाला खिळली की शाळा कुणाची सुटते? थोरल्या पोरीची. पोराची नाही.

तालमीजवळचा: एक दिवसाचा खाडा वाचवून महिन्याचं आजारपण घ्यायचं, हा कसला हिशेब?

फौंड्रीवाला: तुम्ही शिरोली एमआयडीसीत फौंड्रीची एक पाळी काढा, मग सांगा. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगारमर्यादा महिना २१,००० आहे. आमचा पगार त्याच्या आत बसतोय, पण ठेकेदारानं नावच लावलं नाही तर कार्ड कुठनं येणार? वाळूच्या धुळीत वर्षं काढली की खोकला लागतो. त्या धुळीतली सिलिका छातीत बसली की टीबीचा धोका वाढतो, हे डॉक्टरच सांगतात. टीबीची औषधं फुकट आहेत, मान्य. पोषणाचे महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण सुट्टी घेतली की हजेरी बंद. हजारात घर चालवून दाखवा.

मेडिकलवाला: दोघांच्या मधलं सांगतो. महात्मा फुले योजना मुख्यतः ॲडमिट झालेल्याला आहे. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळीचं बिल ती भरत नाही. माझ्याकडं येणारी माणसं "दोन दिवसाच्याच कापून द्या" म्हणतात. बरं वाटलं की तेही बंद. काही वर्षांनी किडनी जाते आणि मग डायलिसिस योजनेत बसतं. जी गोळी वेळेवर घेतली असती तर हे टळलं असतं, तिच्यासाठी मात्र रांग.

तालमीजवळचा: सरकारी दवाखान्यात ती गोळी मोफत मिळते की.

मेडिकलवाला: मिळते. संपली की "बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी पण मिळते. त्या चिठ्ठ्या माझ्याच काउंटरवर येतात. माझा धंदा होतोय, मी कशाला तक्रार करू!

विचारेमाळची वहिनी: वस्तीत संध्याकाळी सहा ते नऊ दवाखाना ठेवा आणि महिन्याच्या गोळ्या एकदम द्या. बघू कोण सुई टोचून घ्यायला जातंय.

तालमीजवळचा: संध्याकाळची वेळ मला पटते. पण तिथं बसायला डॉक्टर कुठनं आणणार? आणि माव्याचं काय, त्यालाही सरकारच जबाबदार?

फौंड्रीवाला: माव्याचं आमच्यावर सोडा. ठेकेदाराकडं कार्ड मागायला उद्या चलता काय आमच्यासंगं?