घर, काम, छंद : कसं गेलं तुमचं २०२४? (अनुभव)

हिरवा_चाफा
आज स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उतरवलं, नवीन लावायच्या आधी सहज पानं चाळायला बसले आणि कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेच कळलं नाही. आमचे बाबा कॅलेंडरवर सगळं लिहायचे, गॅस लावला, पेपरवाल्याचे दिले, दूध नाही आलं, आणि वर्ष संपलं की गुंडाळी करून माळ्यावर. ते गेल्यावर माळा आवरताना सगळ्या गुंडाळ्या निघाल्या. आम्ही तेव्हा सोलापूरला होतो, १९९३च्या सप्टेंबरच्या पानावर ३० तारखेच्या चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरात "पहाटे भूकंप. सगळे ठीक." आणि त्याच पेनाने खाली "दूध २ लि." किल्लारीचा तो. ते पान मी जपून ठेवलंय.

त्यांच्यामुळे मलाही सवय लागली. माझ्या या वर्षाच्या पानांवर मार्चमध्ये सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग फिजिओच्या वेळा, लेकाचे दहावीचे क्लास, ऑफिसने घरून काम बंद केल्यापासून हिंजवडीच्या फेऱ्या. आणि जूनपासून दर बुधवारी 'पेटी', कॉलेजनंतर सुटलेली पेटी परत शिकतेय, भूप झाला आता यमन चालू आहे. काही बुधवार खोडलेत पण पेटी सुटली नाही याचा मला फार आनंद आहे. तुमचंही लिहा ना, मोठं काही घडलेलं असायलाच पाहिजे असं नाही.

दोरा_सुई
गॅसची तारीख आमच्याकडे पण!! सिलिंडर किती दिवस गेला यावरून आई पाहुण्यांचा हिशोब सांगायची 😄
मुलगी ऑगस्टमध्ये होस्टेलला गेली. पहिले काही दिवस सवयीने तिची पण कणीक भिजवत होते, उरलेल्या कणकेच्या दशम्या करून हे डब्यात न्यायचे. बँकेत मार्चएंड, मग जूनएंड, आमचं वर्ष असंच क्वार्टरमध्ये मोजलं जातं. संध्याकाळी घर खायला उठायचं म्हणून क्रोशाची सुई हातात घेतली, दिवाळीला दाराला स्वतः विणलेलं तोरण लागलं. लेक सुट्टीला आली ती उंबऱ्यातच थांबून म्हणाली आई हे तू केलंस?? बास, वर्ष वसूल.

वऱ्हाडी_मिरची
आमच्या घरी वर्षभर बुद्धिबळ एके बुद्धिबळ. पोरगा चौथीत आहे. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला ऑलिम्पियाडची दोन्ही सुवर्णं आली, त्यात आमच्या नागपूरची दिव्या देशमुख, तिला वैयक्तिक सुवर्ण पण, मग काय विचारता. १२ डिसेंबरला मी ऑफिसात, जगज्जेतेपदाच्या लढतीचा १४वा डाव चालू, सगळे म्हणत होते बरोबरीच होणार, आणि चीनच्या डिंगने ५५व्या खेळीला हत्ती एफ२ वर नेला, तिथेच चुकला. पोराचा शाळेतून आल्यावर मला फोन, बाबा गुकेश जिंकतोय, आवाज कापत होता त्याचा. १८ वर्षांचा जगज्जेता! कामाचं म्हणाल तर बदली टळली, आणखी काही मागणं नाही.

घाटमाथा
यंदा पहिली वारी. आईची वारी होती खरं तर, तिला आता चालवत नाही म्हणून तिची तुळशीमाळ घालून मी गेलो. २९ जूनला संध्याकाळी माउलींचं प्रस्थान, त्याच रात्री वर्ल्डकपची फायनल, आळंदीत आम्ही पथारी टाकून पडलेलो आणि अचानक फटाके, उठून बघतो तर आमच्या दिंडीतले एक सत्तरीचे बाबा मोबाईल कानाला लावून "जिंकले रे जिंकले", लगेच कुणीतरी टाळ वाजवले. दिवेघाटात पाऊस, नंतर पायाला फोड. दिंडीतल्या मावशीने सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी त्या दोऱ्यावरून निघून जातं, कातडी तशीच राहते, दुसऱ्या दिवशी चाललो. १७ जुलैला एकादशी, कळसाचं दर्शन घेतलं आणि आईला व्हिडीओ कॉल लावला. ती बोललीच नाही काही, नुसते हात जोडून बसली होती.

दोरा_सुई
@घाटमाथा डोळ्यात पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा. तळपायाला रात्री कोकमचं तेल चोळत जा, भेगा पण भरतात.

दूरदेशी
डॅलसहून. फेब्रुवारीत नोकरी गेली. एच१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वाल्यांना माहितीये, ६० दिवसांत दुसरी नाही मिळाली तर गाशा गुंडाळा. मुलगी पहिलीत, घराचं लीज, बायको धीर द्यायची आणि रात्री स्वतः जागी असायची. त्यातच ८ एप्रिलचं खग्रास ग्रहण आमच्या डोक्यावरून जाणार होतं. मला लहानपणापासून आकाशाचं वेड, दुर्बीण आहे घरी. आई सांगलीहून फोनवर, "इकडे दिसणार नाही, वेध पाळायचे नाहीत, पण तुम्ही बाहेर जाऊ नका बाळांनो." गेलो, ढग होते पण फाटले, जवळजवळ चार मिनिटं भर दुपारी अंधार, शुक्र दिसला, लेकीने माझा हात घट्ट धरलेला. फाल्गुनातली अमावस्या ती, दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारली आणि त्याच आठवड्यात ऑफर आली. आई म्हणते गुढीमुळे, मी आईशी वाद घालत नाही.

हिरवा_चाफा
@दूरदेशी बापरे, वाचताना माझीच छाती धडधडली. बरं झालं हो. वहिनींना विशेष सांगा.

बांधावरून
लातूरकडचा. सोयाबीनला २०२४ला हमीभाव क्विंटलला ४८९२ होता आणि आडतीवर चार हजार शंभराच्या आसपास. मुलीचं लग्न काढलं होतं, पुढं ढकललं, पाहुण्यांनी समजून घेतलं, चांगली माणसं मिळाली. शनिवारी भजनी मंडळात पखवाज वाजवतो, ते एक सोडलं नाही. ताई तुमच्या बाबांनी लिहिलेला भूकंप आम्ही बघितलाय. विसर्जनाची रात्र होती, गावं दमून झोपली होती. मी १२ वर्षांचा. औसा तालुक्यात आमच्या आत्याचं घर होतं. एवढंच लिहितो.

हिरवा_चाफा
@बांधावरून दादा 🙏 लग्नाची तारीख ठरली की इथे नक्की कळवा.

वऱ्हाडी_मिरची
@बांधावरून पखवाजाला अजून कणीकच लावता का शाई? आमच्या आजोबांचा पडून आहे, पुडी (वरचं कातडं) फाटलीय, कुठे दुरुस्त होईल?

बांधावरून
कणीकच. डाव्या बाजूला, दर वेळी ताजी. पुडी पंढरपुरात बसवून मिळते.

दोरा_सुई
तोरणाचा फोटो रात्री टाकते, आत्ता डाळ फोडणीला टाकायचीय.