मदत हवी आहे: कपडे धुवायच्या खोलीतल्या सिंकचा वास जाता जात नाही

वॉशिंग मशीनशेजारी स्टीलचं खोल सिंक आहे. मशीनचं पाणी त्यातच पडतं, शिवाय कॉलर घासणं, पायपुसणी भिजवणं, फरशीचं फडकं पिळणं हे सगळं तिथेच. दर रविवारी घासते. दोन दिवस बरं असतं, तिसऱ्या दिवशी दार उघडलं की कुजकट भपकारा! कडेने पांढरे खरखरीत पट्टे आहेतच, आणि आता तळाशी मोहरीएवढे तपकिरी ठिपकेही दिसायला लागलेत.

आतापर्यंतचे प्रयोग: सोडा आणि व्हिनेगर (फसफसलं छान, पुढे काही नाही), मग ब्लीच, मग तारेची घासणी. मागच्या आठवड्यात ब्लीच ओतल्यावर ते नीट धुवायच्या आधीच व्हिनेगर शिंपडलं आणि घसा असा काही चरचरला की खोकत बाहेर पळाले. काय चुकतंय?

प्रतिसाद १
आधी ते शेवटचं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत हा खेळ परत अजिबात नको. ब्लीचसोबत कुठलंही आम्ल नको आणि अमोनिया असलेला क्लीनरही नको.

सोडा-व्हिनेगरचं म्हणाल तर दोघं एकमेकांनाच संपवतात. फेस दिसतो, काम होत नाही. पांढरे पट्टे जड पाण्यातल्या क्षारांचे आहेत. त्यांना नुसतं व्हिनेगर लागतं. कागदी रुमाल त्यात भिजवून पट्ट्यांवर अर्धा तास चिकटवून ठेवा, मग धुवा.

आता वास. तुम्ही भांडं घासताय, घाण खाली आहे. सिंकखालचा ट्रॅप शेवटचा कधी उघडला होता?

धागाकर्ती
ट्रॅप म्हणजे तो खालचा डबीसारखा भाग ना? तो उघडतो हेच माहीत नव्हतं 😅

प्रतिसाद २
उघडतो. खाली बादली ठेवा, आटे हाताने सैल करा. कपड्यांचे तंतू, न विरघळलेली पावडर आणि सॉफ्टनरचा मेणचटपणा मिळून त्यात लगदा बसतो. मशीनच्या पाइपच्या तोंडाला जुना पातळ पायमोजा रबरबँडने बांधा, बरेच तंतू तिथेच अडतील. पण भरला की बदला, नाहीतर पाणी तुंबून मशीन कुरकुरेल. सिंकच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर बाटली धुवायचा ब्रश त्यातही घाला, ते सगळे विसरतात. आणि प्लास्टिकच्या पाइपात उकळतं पाणी नको, सांधे ढिले पडतात. हाताला सोसेल इतकं गरम पुरे.

प्रतिसाद १
ठिपक्यांवरून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर तारेच्या घासणीचे कण सिंकवर अडकून गंजलेत. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने मऊ कापडाने पुसा, जातील. नख अडकलं तर ब्लीच बराच वेळ साचून स्टीलला बारीक खड्डे पडलेत. ते भरून येत नाहीत, फक्त पुढचे टाळता येतात. तारेची घासणी मात्र आजच फेका.

धागाकर्ती
उघडला! आतून करड्या नमद्यासारखा मूठभर गोळा निघाला, आणि त्यात नवऱ्याच्या शर्टाचं ते बटण, ज्यावरून आमचं भांडण झालं होतं. चार दिवस झाले, वास नाही. ठिपके तीन सोडून सगळे गेले, त्या तिघांत नख अडकतं. पण परत बसवल्यापासून ट्रॅपच्या आट्यातून थेंब थेंब गळतंय. पान्याने करकचून आवळू का?

प्रतिसाद २
पान्याला हात लावू नका, प्लास्टिकचा आटा चिरेल. परत उघडा, आतलं रबरी वॉशर तिरकं बसलंय का किंवा त्याला तंतू चिकटलेत का ते बघा. पुसून सपाट बसवा आणि हातानेच घट्ट करा.

धागाकर्ती
वॉशर तिरकंच होतं. खाली कोरडा कागद ठेवलाय, सकाळपासून कोरडाच आहे.