मदत हवी आहे: सहा एक्सलचं इंजिन एकाच वळणावर रुळावरून उतरतंय

नमस्कार मंडळी,

कळव्याच्या आमच्या वन बीएचकेत ६ बाय ४ फुटांच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचा लेआउट केलाय. एरवी तो दिवाणाखाली असतो, रविवारी बाहेर ओढायचा. एचओ स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ आकाराचं, दोन रुळांत १६.५ मिमी. एका टोकाच्या वळणावर थर्माकोलचा पारसिक बोगदा आहे. लेकीच्या हट्टापायी त्याच्या तोंडावर खऱ्या बोगद्याचं १९१६ हे सालही कोरलंय.

नवीन सहा एक्सलचं (म्हणजे चाकांच्या सहा जोड्यांचं) डिझेल इंजिन बोगद्यात शिरतं आणि चार-पाच इंचांवर पुढच्या बोगीचं (डबा नव्हे हो, खालचा चाकांचा सांगाडा) बाहेरच्या बाजूचं चाक रुळावर चढतं. मग खट्ट! अगदी हळू चालवलं तरी तेच. उलट्या दिशेने मात्र सुरळीत जातं. जुनं चार एक्सलचं इंजिनही कुरकुर न करता जातं.

आतापर्यंत केलेले उद्योग: चाकं पुसली. व्हर्नियरने प्रत्येक जोडीतल्या चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मोजलं, सहाही ठिकाणी १४.४ मिमी भरलं. बोगी पूर्ण वळत नव्हती, आत एक वायर अडत होती, ती बाजूला केली. वजन वाढवायला दोन रुपयांचं नाणंही चिकटवून पाहिलं. फरक शून्य.

वळण १८ इंची (त्रिज्या) आहे. दुकानदार म्हणतो २२ इंची टाका. ४ फुटांत ते बसेल, पण मग रुळाच्या मध्यापासून प्लायची कड जेमतेम दोन इंचांवर येते, आणि घरात मांजर आहे. खर्च करण्याआधी विचारतो, दोष इंजिनाचा की वळणाचा?

प्रतिसाद

दुकानदाराचं अगदीच चूक नाही. तीन एक्सलची बोगी लांब असते, १८ इंचावर ती अवघडतेच. पण तसं असतं तर ती वळणभर कुठेही उतरली असती, रोज एकाच जागी नाही.

आधी इंजिनाचं तोंड फिरवून ठेवा आणि त्याच दिशेने रिव्हर्समध्ये न्या. तरीही तिथेच उतरलं, तर इंजिनाला शिव्या देणं थांबवा. मग बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेवरून नख फिरवत जा, आणि वरूनही. वळणात पुढच्या एक्सलचं बाहेरचं चाक त्याच कडेला घासत जातं, त्यामुळे जॉइंटला नख अडलं की तिथे फ्लँजही (चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड) अडणार. आणि बोगद्यात जॉइंट कुणी ठेवतं का?

धागाकर्ता

ठेवतं. मीच ठेवलाय.

रिव्हर्समध्येही तिथेच उतरलं. हात आत जाईना म्हणून शेवटी भाजीच्या सुरीने बोगदा कापला (१९१६ वाचवलं). नख टकन अडलं. टॉर्च मारून पाहिलं तर बाहेरचा रूळ जॉइनरच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) आत सरकलेलाच नाही, वर चढून बसलाय! एका बाजूने पायरी, दुसऱ्या बाजूने उतार, म्हणून उलट्या दिशेने गाडी मुकाट जात होती. गणपतीच्या आदल्या रात्री घाईत जोडलेला तुकडा तो.

रूळ काढून नीट आत सरकवला. संध्याकाळपासून वीसेक फेऱ्या झाल्या, एकदाच उतरलं, तेही फुल स्पीडला.

प्रतिसाद

मधल्या एक्सलला आडवा खेळ आहे का बघा. बोटाने थोडी डावी-उजवी सरकली पाहिजे. आणि ते नाणं काढा आधी, एका कडेला असेल तर इंजिन कलतं.

धागाकर्ता

एक्सल सरकतेय. नाणं डावीकडेच होतं, काढलं. बोगदा आता उचलता येईल असा करतोय. थर्माकोलला साधा पांढरा फेव्हिकॉल चालेल ना? मागे दुसरा एक गोंद लावला तर अर्धा डोंगर विरघळला होता.