पायथनचे ऑपरेटर शिकायचेत, ५०० रुपयांत काय घेऊ?

सुईदोरा: नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाचा हिशोब मी ठेवते. व्याजाचं काम तरी हलकं होईल म्हणून मोबाईलवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सुरू केली. काल ५००० वर ८ टक्के काढायला ५००० * ८ % १०० लिहिलं, तर उत्तर आलं ०. कॅल्क्युलेटरवर ५००० × ८ % दाबलं की सरळ ४०० येतात. ऑपरेटर, म्हणजे *, % अशी चिन्हं, नीट समजावणारं मराठी पुस्तक किंवा कोर्स सुचवा. बजेट ५००, लॅपटॉप नाही.

रात्रपाळी: मोबाईलवर कोडिंग होत नाही ताई, डोळे जातात. मी दिवाळीत ४२ हजारांचा घेतला, १६ जीबी रॅम, एकदाही अडकला नाही. हप्त्यावर मिळतो.

सुईदोरा: दादा, ५०० म्हटलंय.

जुना_सीवाला: आधी सी ही भाषा शिका. आम्ही सीवरच शिकलो, आजही कुठली भाषा अडत नाही.

बांधावरून: ताई, इथे % म्हणजे टक्के नव्हेत, भागाकारातली बाकी. *, /, //, % हे चौघे एकाच पंगतीतले, डावीकडून सोडवत जायचं. ५००० * ८ झाले ४००००, त्याला १०० ने भागून बाकी शून्य. तुम्हाला हवं होतं ५००० * ८ / १००. पण ही बाकी तुमच्या फार कामाची आहे. ५००० रुपये १७ जणींत वाटायचेत? ५००० // १७ म्हणजे प्रत्येकीला २९४, ५००० % १७ म्हणजे उरले २. एकच तिरकी रेघ दिलीत तर २९४.११७ असं लांबत जाईल.

फी_गेली: क्लास मुळीच लावू नका. १८ हजार भरले, ऑपरेटरचा तक्ता पाठ करून घेतला आणि पुढे. = ने किंमत ठेवायची, == ने तुलना करायची, एवढं मला दोन महिन्यांनी घरी बसून कळलं.

जुना_सीवाला: बाकीचं एवढं सांगताय, तर -७ % ३ चं उत्तर द्या. -१ येतं.

बांधावरून: सीमध्ये -१, पायथनमध्ये २. -७ ला ३ ने भागलं की -२.३३. सी ते शून्याकडे छाटतं, -२. पायथन खालच्या पूर्णांकावर उतरतं, -३. म्हणून बाकी वेगळी.

जुना_सीवाला: म्हणूनच म्हणतो, आधी सी.

पोहेवाली: % म्हणजे बाकी, टक्के नाही. आणि ^ म्हणजे घात नाही बरं का! २ ^ ३ केलं तर १ येतो, घातासाठी ** लागतं, २ ** ३ म्हणजे ८. हिशोब पैशांचा असेल तर रुपये दशांशात ठेवू नका. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. सगळं रुपयांऐवजी पैशांत मोजा, शेवटी १०० ने भागा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्स फुकट ऐकता येतात, परीक्षेलाच पैसे.

रात्रपाळी: ऐकायला तरी मोठा स्क्रीन हवा.

सुईदोरा: सगळ्यांचे आभार. पुस्तक, क्लास, लॅपटॉप, काहीच घेतलं नाही. साठ रुपयांची दोनशेपानी वही आणली. एका पानावर एकच ऑपरेटर, उत्तर आधी पेन्सिलीने लिहायचं, मग मोबाईलवर बघायचं. काल // ची बारा गणितं केली. तीन चुकली, तिन्ही उणे आकड्यांची. आज तीच परत घेतेय.