पेटच्या आधी जुना सीटी शोधा

फुप्फुसातली गाठ पेट स्कॅनमध्ये चमकली म्हणजे कॅन्सरच, असं म्हटलं जातं. ते इतकं सरळ नाही. पेटला दिसते ती पेशींची साखरेची भूक, आणि क्षयाची किंवा बुरशीची गाठही चांगलीच भुकेली असते. उलट कार्सिनॉइड (सहसा हळू वाढणारा एक ट्यूमर) किंवा सीटीवर धुरकट काचेसारखी धूसर दिसणारी, ग्राउंड ग्लास प्रकारची गाठ कॅन्सरची असूनही फिकी राहू शकते. ८ मिमीपेक्षा लहान गाठीत तर पेटवर विसंबूच नये.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा जुन्या सीटीचा. ८ मिमीची गाठ १० मिमी झाली, तर रिपोर्टात फरक २ मिमीचाच, पण घनफळ जवळजवळ दुप्पट! भरीव गाठ २ वर्षं जशीच्या तशी असेल तर ती बहुधा निरुपद्रवी. धूसर गाठीवर मात्र ५ वर्षं नजर ठेवतात, कारण तिची वाढ फार संथ. (तुलना सीटीच्या पातळ छेदांवरच, म्हणजे पातळ कापांच्या चित्रांवरच करायला सांगा, जाड छेदांत मापं फसवतात.)

बाकी, काटेरी कडा दिसल्या की संशय वाढतो. गाठीत चरबी किंवा मक्याच्या लाहीसारखं कॅल्शियम दिसलं तर बहुतेक वेळा हॅमार्टोमा, म्हणजे कॅन्सर नसलेला गोळा निघतो.